तक्रार न करणारा रुग्ण

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार व कर्मचारीवर्ग यांच्यासमोर प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आम्ही आपल्यासमोर उभे राहतो ते आकडे घेऊन. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उमेदीची सारी वर्षे कीर्द-खतावणीत गेलेली. त्यामुळे आकड्यांचा आधार सोडून बोलावयाचे म्हटले की आम्हांस थोडा संकोच होतो. वर्षाचा ताळेबंद आणि लेखापरीक्षित हिशेब या अहवालाच्या पुढील पानांत दिले आहेतच. आज मात्र एका पशुवैद्यकाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आपण द्यावी. माणसांच्या रुग्णालयाच्या वर्धापनदिनी जनावरांच्या डॉक्टरांचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या अखेरीस मिळावे, असा आमचा प्रयत्न राहील.

या पशुवैद्यकांचे नाव डॉ. व्ही. कृष्णमूर्ती. तामिळनाडूच्या वन विभागात आणि हत्तींच्या अभ्यासकांत ते ‘डॉ. के.’ या नावाने ओळखले जात. त्यांचा जन्म १९२९ चा आणि निधन २००२ चे. निलगिरीच्या पायथ्याचे मुदुमलाई आणि अन्नमलाई पर्वतातील टॉप स्लिप येथील सरकारी हत्ती-छावण्या ही त्यांची कर्मभूमी. सुमारे तीन दशके त्यांनी वन विभागात पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा केली आणि निवृत्तीनंतरही अखेरपर्यंत ते हत्तींच्याच कामात राहिले. विख्यात तमिळ लेखक जयमोहन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यानै डॉक्टर’ या कथेत त्यांना मध्यवर्ती स्थान दिले. तेव्हापासून जंगलाशी संबंध नसलेल्या हजारो वाचकांनाही हे नाव परिचयाचे झाले. मुदुमलाईतील थेप्पाकाडू छावणीवरील लघु माहितीपटास २०२३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. अनाथ पिलांना वाढविणारे ते माहूत दांपत्य आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावर पाहिले असेल. ही छावणी डॉ. के. यांच्या कार्यक्षेत्रातीलच होय.

त्यांच्या कामाचे महत्त्व समजण्यासाठी छावणीतील हत्ती म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हे हत्ती शोभेचे नव्हते. ते कामकरी होते. सागाचे आणि शिसवाचे प्रचंड ओंडके डोंगरउतारावरून ओढून आणणे, रचणे, गाडीत चढविणे ही त्यांची नित्याची कामे. टॉप स्लिप हे नावच मुळी डोंगरमाथ्यावरून लाकूड खाली घसरवीत, त्यावरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अन्नमलाईतील साग मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीसाठी येत असे. म्हणजे आपल्या मुंबईच्या वैभवात त्या हत्तींच्या घामाचाही वाटा आहे. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरची छावणीदेखील वन विभागाच्या लाकूड-कामासाठीच उभी राहिली.

आता आमच्यासारख्या हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहावयाचे तर असा हत्ती ही सरकारची भांडवली मालमत्ता. तिची नोंद वहीत व्हावयाची, तिच्यावर खर्च पडावयाचा, तिच्याकडून काम घ्यावयाचे आणि दरवर्षी तिचा घसारा मोजावयाचा. मद्रास इलाख्याच्या वन विभागाने एकोणिसाव्या शतकापासून आपल्या हत्तींची दप्तरे ठेवली होती. कोणता हत्ती केव्हा पकडला, कोणत्या हत्तिणीस केव्हा पिलू झाले, कोण कशाने मेले, हे त्यांत नोंदलेले असे. ज्या नोंदी मालमत्तेची मोजदाद म्हणून झाल्या, त्याच डॉ. के. यांनी एखाद्या रुग्णाच्या केसपेपरप्रमाणे वाचल्या. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे डॉ. ख्रिस वेमर यांच्यासमवेत त्यांनी १९९५ मध्ये लाकूड-कामातील हत्तींच्या वैद्यकीय देखभालीच्या इतिहासावर शोधनिबंध लिहिला. १९९७ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. रामन सुकुमार प्रभृतींसह दक्षिण भारतातील पाळीव हत्तींच्या जन्ममृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या कोरड्या वह्यांतून हत्ती किती वर्षे जगतो, किती पिले जन्मतात, किती दगावतात, याचे ज्ञान जगास मिळाले. वही ठेवणाऱ्या कारकुनास हे कधी स्वप्नातही आले नसेल! आमच्या अभिलेख कक्षातील सहकाऱ्यांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे, अशी विनंती आहे.

हत्तींच्या वैद्यकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आधुनिक काळापुरते बोलावयाचे तर जॉन हेन्री स्टील या पशुवैद्यकाने हत्तींच्या रोगांवरील ग्रंथ १८८५ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. १८८६ मध्ये परळ येथे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील. हे महाविद्यालय उभे राहिले ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने चालणाऱ्या जनावरांच्या धर्मादाय रुग्णालयाच्या परिसरात. भाडेकरूच्या टांग्याचा घोडा आणि रस्त्यात कोसळलेला गाडीचा बैल यांच्यावर जेथे उपचार होत, तेथेच पशुवैद्यकांच्या पिढ्या शिकल्या. धर्मादाय खाट आणि उत्तम शिक्षण यांचे नाते असे जुने आहे.

परंतु पुस्तकातील हत्ती आणि समोरचा हत्ती यांत अंतर असते. चार हजार किलो वजनाचा रुग्ण तपासणीच्या टेबलावर झोपविता येत नाही. त्यास भूल द्यावी तर फार वेळ छातीवर पडून राहिल्याने श्वासच कोंडण्याचे भय. कारण हत्तीची फुप्फुसे छातीच्या भिंतीस चिकटलेली असतात आणि इतर प्राण्यांप्रमाणे मधे पोकळी नसते. दिवसास दीडशे-दोनशे किलो चारा खाणारा हा प्राणी आजारी पडला, तरी पुष्कळ दिवस काम करीत राहतो, खात राहतो, उभा राहतो. कळवळून ओरडेल, लंगडेल, खाणे सोडेल, तेव्हा आजार बहुधा खूप पुढे गेलेला असतो. घोडा, बैल, उंट, गाढव, कोणतेही कामकरी जनावर घ्या. त्याचा मालक सांगतो, “तसे काही नाही, परवापर्यंत चांगले ओढत होते.”

या अडचणीवर छावणीच्या व्यवस्थेने जो मार्ग काढला तो अगदी साधा आहे. हत्तीस रोज नदीवर नेऊन घासूनपुसून आंघोळ घालावयाची. पाहुण्यांना तो मौजेचा देखावा वाटतो. वस्तुतः ती रोजची तपासणी असते. चिखल निघून गेला की कातडीवरचे गळू दिसते, साखळदंडाने पडलेला घट्टा दिसतो, कानामागची जखम दिसते. मग माहूत हुकूम देतो आणि हत्ती एकेक पाय उचलून दाखवितो. तळवा पाहावयाचा, नखांच्या फटी पाहावयाच्या, अडकलेला खडा वा काटा काढावयाचा. त्यानंतर नाचणी, हुलगे, तांदूळ, गूळ, मीठ यांचे वजन करून केलेले गोळे त्याच्या तोंडात द्यावयाचे. ज्याने गोळा नाकारला त्याचे नाव डॉक्टरांकडे जाते. गाभण हत्तिणीस आणि पिलाच्या आईस जड काम नाही. रात्री पायांत लांब साखळी घालून हत्तींस जंगलात मोकळे सोडावयाचे. आपल्या पसंतीचा पाला खावा, रानटी सोबत्यांस भेटावे. छावणीतील कित्येक पिलांचे जनक हे असे रानटी हत्तीच आहेत.

डॉ. के. यांनी आपले आयुष्य या व्यवस्थेस शास्त्राची जोड देण्यात वेचले. ते मलसर आणि कुरुंब माहुतांबरोबर राहिले. जंगलात राहणाऱ्या या मंडळींना हत्तीचा स्वभाव ठाऊक होता, डॉक्टरांस औषध ठाऊक होते. दोघांनी एकमेकांस शिकविले. तरुण पशुवैद्यक, वनाधिकारी आणि अभ्यासक त्यांच्याकडे येत आणि ते त्यांना हत्तीच्या पायाशी उभे करून शिकवीत. आपल्या शिकाऊ परिचारिकांस वरिष्ठ सिस्टर ज्या रीतीने खाटेशेजारी शिकवितात, तीच ही रीत.

पायाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे. हत्तीच्या पायास खूर नसतो. बोटांमागे चरबीची जाड गादी असते आणि त्याखाली तळव्याची कातडी. मऊ रानमातीवर चालताना ती झिजते आणि झिजेइतकीच वाढते. तोच हत्ती काँक्रीटवर, स्वतःच्या मलमूत्रात वर्षानुवर्षे उभा राहिला की तळव्यास भेगा पडतात, नखांशी पू होतो, संसर्ग आत हाडापर्यंत उतरतो. बंदिवासातील हत्तींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत पायाचे विकार येतात. २०२५ च्या जुलै महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीस न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमध्ये हलविण्यात आले, तेव्हा हत्तीचे पाय आणि नखे हा विषय महाराष्ट्राच्या घराघरांत बोलला गेला. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. त्या प्रकरणात लोकांनी गाळलेले अश्रू खरे होते आणि हत्तीच्या पायाचा प्रश्नही खरा आहे, इतकेच नम्रपणे म्हणतो.

डॉ. के. यांच्या कार्याचा दुसरा भाग रानटी हत्तींचा. जंगलात मेलेला हत्ती सापडला की पूर्वी पंचनामा करून तो पुरण्यात वा जाळण्यात येई. डॉ. के. त्या कुजलेल्या देहाचे शवविच्छेदन करीत. किती दिवसांचा देह आहे, दुर्गंधी किती आहे, याचा ते विचार करीत नसत. हा हत्ती रोगाने मेला, की विजेच्या तारेने, की हस्तिदंतासाठी कोणी गोळी घातली, हे त्या देहाशिवाय कोण सांगणार? १९७७ मध्ये हत्तीचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. परंतु कायद्यास पुरावा लागतो आणि तो पुरावा हातमोजे घालून कोणीतरी शोधावा लागतो. मेल्यानंतरसुद्धा ज्या रुग्णाची बाजू घेतली जाते, तो रुग्ण भाग्यवान म्हटला पाहिजे.

आणि आता एका रुग्णाची हकिकत. केरळ आणि तामिळनाडूच्या सीमेवर एक मखना, म्हणजे सुळे नसलेला नर हत्ती, माणसे मारीत सुटला होता. वीसहून अधिक माणसे त्याने मारली असे सांगतात. त्या घरांचे दुःख आम्ही मुळीच लहान लेखीत नाही. केरळमध्ये त्यास ठार मारण्याचा हुकूम निघाला; तो हद्द ओलांडून तामिळनाडूत आला. १९९८ मध्ये त्यास भुलीचे औषध देऊन आणि प्रशिक्षित हत्तींच्या साहाय्याने पकडण्यात आले. लाकडी कोठ्यात आणल्यावर दिसले की अंगावर बंदुकीच्या गोळ्यांच्या अनेक जखमा आहेत. ज्यास सर्वांनी खुनी म्हटले, तो स्वतः दीर्घकाळचा जखमी होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले, सेवानिवृत्त डॉ. के. त्याच्या उपचारास उभे राहिले. जखमा धुणे, औषध लावणे, पुन्हा धुणे. हळूहळू तो हत्ती शांत झाला. छावणीने त्याचे नाव डॉक्टरांवरून ‘मूर्ती’ ठेवले. डॉक्टर २००२ मध्ये गेले. मूर्ती थेप्पाकाडूच्या छावणीत निरुपद्रवी म्हणून नावाजला आणि २०२४ मध्ये, म्हातारपणी, तेथेच गेला. पद्म पुरस्कारांची यादी आम्ही वाचतो; पण ज्याच्या जखमा धुतल्या त्याच्या नावात आपले नाव उरावे, याहून मोठा सन्मान कोणत्या डॉक्टरास मिळणार?

आता आपल्या रुग्णालयाकडे वळतो. आमच्याकडून घडलेली एक चूक आज या व्यासपीठावरून मान्य करावयाची आहे.

आपल्या तळमजल्यावर एक लहान खोली आहे, जेथे मधुमेही रुग्णांचे पाय तपासले जातात आणि विनामूल्य ड्रेसिंग होते. तीन वर्षांपूर्वी अंदाजपत्रक तयार करताना आम्हीच असा प्रस्ताव मांडला होता की, ही खोली बंद करावी. जमेच्या बाजूस शून्य. खर्चाच्या बाजूस कापूस, गॉज, मलम, एक परिचारिका आणि एक मदतनीस. कागदोपत्री आमचे म्हणणे बिनचूक होते. विश्वस्तांनी तो प्रस्ताव पुढील बैठकीपर्यंत स्थगित ठेवला.

त्याच सुमारास बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ दाखल झाले. उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. शल्यचिकित्सकांनी गुडघ्याखाली पाय काढला, म्हणून जीव वाचला. नियमानुसार त्यांचे जुने केसपेपर आम्ही मागविले. ते गृहस्थ पूर्वी चार वेळा आपल्याच बाह्यरुग्ण विभागात आले होते. चारही वेळा रक्तातील साखर लिहिलेली होती, गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि पायाविषयी चारही वेळा दोनच शब्द होते: ‘तक्रार नाही’.

ते खोटे नव्हते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखत नाही. चपलेचा खिळा तळव्यात घुसला तरी कळत नाही. तक्रार करणारी नसच निकामी झालेली असते. पाय मुका होतो. शिवाय तो माणूस पाठीवर शंभर किलोंचे पोते वाहणारा; एक दिवस काम बुडाले तर घरी चूल पेटावयाची नाही. त्याने तक्रार करावी तरी केव्हा? चारपैकी एकाही वेळी आपण त्याला चपला काढावयास सांगितले नाही. आम्ही तर चपला काढून पाहणारी खोलीच बंद करावयास निघालो होतो.

त्या वेळी आपल्या शल्यचिकित्सा विभागातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हांस डॉ. के. यांच्याविषयी सांगितले. त्यांनी आम्हांवर राग धरला नाही. ते एवढेच म्हणाले, “साहेब, सरकारी छावणीत हत्तीचा पाय रोज उचलून पाहतात. आपण माणसाचा एकदाही पाहिला नाही.” त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रस्ताव मागे घेतला.

बंधू-भगिनींनो, डॉ. के. यांच्या आयुष्यातून आम्ही जे घेतले ते असे. जो रुग्ण तक्रार करतो त्याची सेवा तर कोणतेही रुग्णालय करील. धर्मादाय रुग्णालयाची कसोटी लागते ती तक्रार न करणाऱ्या रुग्णापाशी. तो हत्ती असेल, बैल असेल, तान्हे मूल असेल, बेशुद्ध रुग्ण असेल वा पायाची जाणीव हरपलेला हमाल असेल. त्याच्या बाबतीत दया पुरेशी पडत नाही, कारण दया ही दिसलेल्या दुःखावर येते. न दिसणाऱ्या दुःखासाठी वेळापत्रक लागते, पाय उचलून पाहणारा हात लागतो आणि जे पाहिले ते लिहून ठेवणारी वही लागते. वही हे आमचे क्षेत्र असल्याने ही जबाबदारी आम्ही स्वतःकडे घेतली.

आता आपल्या मधुमेह विभागाच्या केसपेपरवर ‘तक्रार’ या रकान्याखाली ‘पाय पाहिला’ असा स्वतंत्र रकाना छापला आहे. तो रिकामा असेल तर औषधे देण्यापूर्वी कागद परत पाठवावा, अशी सूचना औषध विभागास आहे. पाय पाहणारी व्यक्ती डॉक्टर असो, परिचारिका असो वा प्रशिक्षित मदतनीस; तिने सही करावयाची. प्रारंभी रांग लांबली म्हणून कुरबुर झाली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आता रांगेत उभे असलेले रुग्ण आपण होऊन चपला काढून ठेवतात.

आणखी एक गोष्ट. क्षयाचे जंतू माणसाकडून हत्तीकडे जाऊ शकतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील सर्कशीच्या हत्तींत हा रोग आढळल्यावर जगभर त्याकडे लक्ष वेधले गेले. म्हणून जेथे हत्ती पाळले जातात तेथे माहुताची छाती तपासणे हादेखील हत्तीच्या उपचाराचाच भाग आहे. काळजी घेणाऱ्याची काळजी घेतल्यावाचून रुग्णाची काळजी पुरी होत नाही. या विचाराने रुग्णालयातील सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय आणि आया यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीचा प्रस्ताव आम्ही यंदा विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत.

देणगीदार महोदयांस एकच विनंती. एखाद्या यंत्रास आपले नाव द्यावे, अशी इच्छा रास्त आहे आणि यंत्रे आपणांस हवीच आहेत. परंतु मऊ रबराच्या तळाची, म्हणजे एमसीआरची एक जोडी चप्पल, महिन्याभराचे ड्रेसिंग आणि एका मदतनिसाचे वेतन यांवर कोणाचेच नाव कोरता येत नाही. तरीही कोणाचा तरी पाय त्यांवरच टिकून असतो. मुदुमलाईच्या डॉक्टरांचे नाव कोनशिलेवर नव्हे, तर एका हत्तीत उरले, हे आपण ध्यानात घ्यावे.

ते हमाल गृहस्थ जयपूर फूट लावून आता बाजार समितीच्या फाटकावर पावत्या तपासण्याचे काम करतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते येतात आणि न सांगता डाव्या पायातील चप्पल काढून पाय पुढे करतात. त्यांच्या कागदावर आजही ‘तक्रार नाही’ असेच लिहिलेले असते. फरक इतकाच की, आता ते पाय पाहिल्यानंतर लिहिलेले असते.